देव घरी नसताना

“संक्रांत झाली की आवाज चुलीपलीकडे जाता कामा नये,” सासूबाई सांगायच्या. “देव इंद्राच्या दरबारी गेलेत. मागं राहिलेल्यांनी घर सांभाळायचं, दंगा करायचा नाही.”

सासूबाई गेल्या, नेम राहिला. आमच्या शुरण गावात संक्रांतीलाच माघ लागतो, आणि माघभर देवळाचं दार बंद असतं. घंटेला लोकरीचं कापड गुंडाळतात, ढोल माळ्यावर जातात, मातीला कुदळ लागत नाही. मी एरवीही हळूच बोलते. माघात तर कुणाला हाकदेखील मारत नाही, जवळ जाऊन खांद्याला हात लावते.

आणि समोरच्या उतारावर दिवसभर गाणी वाजतात. बर्फ कमी पडला तर कंपनीची यंत्रं बर्फ ओकतात. वरचा सैल बर्फ पाडायला सुरुंग लावतात, तेव्हा माझ्या फळीवरच्या थाळ्या थरथरतात. भाड्याचे कोट घातलेले पाहुणे पायांना पट्ट्या बांधून घसरतात आणि किंचाळतात. देवदार होते तिथं आता पाहुण्यांना वर नेणारे तारेवरचे पाळणे लटकतात.

हे व्हायचं नव्हतं. खोऱ्यातले सगळे देव सभेला बसले होते आणि एकेकानं नाही म्हटलं होतं. पण कंपनी म्हणाली, ज्याचा डोंगर त्या शुरणच्या देवानं आधीच हो म्हटलंय. म्हटलं होतं माझ्या दिरानं, लोतमनं. तो आमच्या देवाचा भगत. देव त्याच्या अंगात येतो आणि त्याच्या तोंडून बोलतो. तो होकार कुठं दिला, तर खाली शहरात, हॉटेलच्या खोलीत, ऐन माघात! आम्हाला कळलं तेव्हा झाडं पडत होती. माघात आमचा देव घरी नसतो हे बाहेरच्यांना काय ठाऊक? गावाला ठाऊक होतं. गावानं पाळण्यांवरच्या नोकऱ्या घेतल्या आणि तोंड मिटलं.

यंदा कंपनीला जोगणीचं, आमच्या रानदेवीचं, कुरण हवं झालं. तिथं आम्ही चामड्याची वहाण घालून जात नाही. सगळ्या गावाचं पाणी तिथून निघतं. या वेळी लोतमला शहरात जाण्याचीही गरज वाटली नाही. सरळ देवळाच्या अंगणात कंपनीचे खुराना साहेब आले, खुर्ची आली. आमच्या वाजंत्र्यांनी माळ्यावरचे ढोल उतरवायला नकार दिला, म्हणून खालच्या गावातून ढोलवाले आणले.

माघात ढोल.

शेजारची फुलमा माझ्या कानाशी म्हणाली, “बघ दीदी, देव सुट्टीवर आणि भगत ओव्हरटाइमवर.”

मला हसू आलं नाही. मी पुढं झाले. “लोतम, दार बंद आहे. विचारतोयस कुणाला?”

“भाभी, माघ आहे. हळू बोला.”

“मी हळूच बोलतेय. ढोल तुझे वाजतायत.”

खुराना साहेब हसले. “माताजी, देव तर सगळीकडे असतात ना?”

“असतात. तुम्ही इथं बसलात साहेब, तिकडं दिल्लीत तुमच्या रखवालदाराला विचारून मी तुमचं घर घेऊ? तोही तुमच्या दारातच उभा असतो.”

साहेबांनी शालीचं टोक नीट केलं. लोतमनं टोपी काढली, केस सोडले, अनवाणी बर्फावर उभा राहिला आणि थरथरू लागला. मी त्याच्या पायांकडे बघत होते. खरा देव आला की त्याला थंडी कळत नाही, निखाऱ्यावर उभं केलं तरी पाय हलत नाही. हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघितलंय. आणि हा? बर्फातल्या कोंबडीसारखा एकदा डावा पाय उचलत होता, एकदा उजवा.

“दिलं!” तो ओरडला. “कुरण दिलं!”

सगळ्यांनी ते पाय बघितले. कुणी बुटांकडे बघत राहिलं, कुणी आकाशाकडे. मिठाईचे डबे उघडले. बर्फ वितळला की कुरणाच्या कडेची झाडं तोडायला माणसं येणार, असं ठरलं.

लोक पांगल्यावर लोतम पायात मोजे चढवत माझ्याजवळ आला. “भाभी, भगताला खोटं ठरवलंत तर गाव तुमचं आगपाणी बंद करेल. तुमच्या चुलीला कुणी निखारा देणार नाही. दादा असते तर त्यांनी तुम्हाला समजावलं असतं.”

“ते असते तर तुझी टोपी त्यांनीच उतरवली असती.” मी देवळाच्या बंद दाराकडे बोट केलं. “ऐक. देव परततील त्या सकाळी, दार उघडल्यावर, सगळ्यांसमोर मी विचारणार. तुम्ही दरबारात असताना इथं तुमच्या नावानं हो कोण म्हणालं? मी वचन देते, तुला आणि जोगणीला. मग मला वाळीत टाकायचं की तुला, ते देव सांगतील.”

“आणि देव माझ्याच तोंडून बोलणार, भाभी.”

“हो. त्यांना तुझ्या अंगात यावंच लागेल. त्याची भीती मला नाही, तुला वाटायला हवी.”

तेव्हापासून तो माझ्या दारावरून जात नाही, वरच्या वाटेनं जातो. बाजारात बायका माझ्याशी बोलताना आधी मागं वळून बघतात. फुलमा मात्र परवा तुपाची वाटी देऊन गेली. म्हणाली, “पुढं मिळेल न मिळेल, आत्ताच खाऊन घे.”

आज माघ सरला, देव येतात. मी झऱ्याच्या पाण्यानं अंघोळ केली, धूप दाखवला, ओढणी डोक्याला घट्ट बांधली. समोर कंपनीचं गाणं सुरू झालं होतं. मी दार ओढून घेतलं आणि देवळाच्या वाटेला लागले.