पत्र्याखालच्या काचा

राळेगावहून आलेल्या एसटीतून मैत्रेयी उतरली, सावरडोहच्या बौद्ध वस्तीकडे वळली आणि विहीर दिसताच वाटेतच थांबली. विहिरीशेजारी पत्र्याचं शेड उभं होतं. कोरं, चारही बाजूंनी खाली उतरलेलं. वर पाटी होती, 'सूर्यप्रकाश जलशुद्धी केंद्र'. त्याखाली सरपंचांचं नाव, मग उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांचं, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत तिचं. तिच्या काचा त्या शेडच्या आत होत्या.

आत शिरून तिने काचेवर हात ठेवला. गार.

या काचा तिने राळेगावच्या जमीरभाईकडून कापून आणल्या होत्या आणि त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडची पूड भाजून बसवली होती. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच पूड. ऊन पडलं की ती जागी होते आणि काचेवरून पातळ थराने ओघळणाऱ्या पाण्यातलं कीटकनाशक तोडत राहते. स्वतः झिजत नाही. ऊन नसलं की ती नुसती पूड.

वस्तीची विहीर उतारावर होती. वरच्या कपाशीच्या शेतांत फवारलं जाणारं औषध पावसाच्या पाण्याबरोबर तिच्यात उतरायचं. गावाला नळ होता, वस्तीला विहीर. मागच्या हंगामात कौसल्याआत्याला उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, यवतमाळच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. ती दिवसभर फवारलेल्या शेतात तण निंदायची आणि घरी येऊन या विहिरीचं पाणी प्यायची. दोन्हीतलं नेमकं कशाने झालं, हे कोणी सांगू शकलं नाही. आई गेल्यावर याच आत्याने मैत्रेयीला वाढवलं होतं, निंदणाच्या मजुरीवर एमएस्सीपर्यंत शिकवलं होतं.

"आली का वं?" आत्या मागून आली. "पाह्य, कसं झकास झालं! वस्तीत पयल्यांदा काही बांधलं पंचायतीनं."

"आत्या, हे शेड कोणाच्या डोक्यातून निघालं?"

"माह्याच. तू नागपूरले गेली अन् इकडं काचा नुसत्या तापून राह्यल्या. हात लावला का चटका. म्या सरपंचाले म्हटलं, मोटारीले सावली करता, बैलाले करता, माह्या पोरीनं जीव लावून आणलेल्या काचाइले कायले नाही?"

मैत्रेयीने डोळे मिटून घेतले. "आत्या, याला ऊनच लागते वं."

"लागते ना. मग पत्रे तापतेच की. गरमी जातेच आतमंधी."

सरपंच राजकुमारभाऊ घरीच भेटले. त्यांनी तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पत्रे काढा म्हणता? ताई, वस्तीच्या पाइपलाइनचा निधी होता, तो शेडले वळवला. केंद्र असल्यावर नळ कायले पायजे?"

"भाऊ, मी पंचायतीला दिलेल्या अर्जात लिहिलं होतं, हे नळ येईपर्यंतच आहे. ढगाळ दिवसांत ते नीट चालत नाही. अन् फवारणी त्याच दिवसांत असते."

"लिहिलं असन. पण मे महिन्यात तुम्हीच दाखवलं ना, निळ्याचं पांढरं? सगळ्या गावानं पाह्यलं."

औषध डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तेव्हा तिने पाण्यात निळा रंग टाकून दाखवला होता. रंग उडाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या तिला आवडल्या होत्या. ऊन कोणी मोजलं नव्हतं.

"ते उन्हात झालं होतं. शेडखाली होणार नाही."

राजकुमारभाऊंनी मान खाजवली. "एक करू. उद्या उद्घाटन हाये, तिथंच ग्रामसभा हाये. पुन्हा निळं टाका. नाही झालं पांढरं, तर मी सगळ्यासमोर पत्रे काढायले लावतो अन् नळाचा ठराव घेतो. झालं पांढरं, तर मात्र नळाचा विषय बंद. कबूल?"

कबूल न करण्यासारखं काहीच नव्हतं. आपला प्रयोग फसावा असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी लख्ख उघाड पडली. वरच्या शेतांत पाठीवर पंप बांधलेली माणसं दिसत होती. मैत्रेयीने टाकीत निळा रंग ओतला, मोटार चालू केली. निळं पाणी काचांवरून ओघळून खाली येई, पुन्हा वर चढे. भाषणं सुरू झाली. ती दर थोड्या वेळाने मागे वळून बघायची. निळंच होतं. किंचित फिकं, पण निळं. तिला हसू दाबावं लागलं.

मग शाल-नारळासाठी तिला मंचावर बोलावलं. फोटो झाले. त्यानंतर पाहुणे शेडकडे गेले, तोटी सोडली आणि ग्लास उंच धरला.

पाणी स्वच्छ, नितळ होतं. टाळ्या, शिट्ट्या.

मैत्रेयी शेडच्या मागे धावली. टाकीच्या तळाची तोटी उघडी सोडलेली, मातीत निळा ओघळ जिरत चाललेला. बाजूला पाण्याचे दोन रिकामे कॅन. पाहुण्यांच्या चहासाठी ते गावातल्या नळावरून भरून आणले होते, कारण वस्तीचं पाणी पाहुण्यांना कसं द्यायचं! तिथेच आत्या पदराला हात पुसत उभी होती. बोटं निळीशार.

"आत्या, हे काय केलंस?"

"चूप राह्य. निळंच्या निळं होतं वं ते. एवढ्या लोकात तुही फजिती झाली असती."

"मला तेच पाहिजे होतं! निळं राहिलं असतं तर नळ आला असता."

आत्याला ते खरं वाटलं नाही. "माहं नाक कापायले शिकवलं का तुले?" ती म्हणाली.

मैत्रेयी सरळ माइककडे गेली. "ते पाणी केंद्राचं नाही. मागून नळाचं पाणी ओतलं गेलं."

खुर्च्यांमध्ये कुजबुज झाली. "कोणं ओतलं?" राजकुमारभाऊंनी विचारलं. "नाव सांगा, ताई. मी शब्द देल्ला होता."

बायकांच्या रांगेतून आत्याच उठली. हात पदराखाली. "कोणी नाही ओतलं, भाऊ. पोरगी लाजाळू हाये. इतकं कौतुक सोसत नाही तिले."

सगळे हसले. हात दाखव म्हण आत्याला, मैत्रेयी स्वतःला बजावत होती. इतकं म्हटलं की पुरे. पण मग साऱ्या गावासमोर आत्या लबाड ठरणार होती. मैत्रेयीने माइक खाली केला आणि कोणीतरी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"तर मग," राजकुमारभाऊ म्हणाले, "वस्तीले स्वतंत्र नळाची गरज उरली नाही. मंजूर असन त्यानं हात वर करा."

वस्तीतले हात सगळ्यात आधी वर गेले. मैत्रेयी मंचावरून बघत होती. बायकांच्या रांगेत आत्याने अभिमानाने हात पदराबाहेर काढला आणि उंच धरला. भर उन्हात तिची निळी बोटं सगळ्या गावाला दिसत होती. ग्रामसेवक हात मोजत मोजत तिच्यापाशी आला, तिचाही हात मोजला आणि पुढे गेला.