एक इंच माया

"मावशी, इथे कपडे नाही शिवत," काउंटरमागचा विक्रेता म्हणाला.

टाचणीला लगेच उत्तर देता आलं नाही, कारण तिच्या तोंडात दोन टाचण्या होत्या. कामावरून ती तशीच उठून आली होती. भिंतीवर टांगलेल्या चकचकीत चाकाला टेप लावून, एखाद्या लठ्ठ गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घ्यावं तसं तिचं चाललं होतं. तिने टाचण्या काढल्या, बाहीत खोचल्या आणि वळली.

"कपडे मला येतात शिवायला. मला चाकं हवीत. रुंद. मागची दोन."

"दोन नाही मिळत. चारांचा सेट असतो."

"पुढची आहेत आमच्याकडे."

"मग मागची कुठे गेली?"

"ती कधी नव्हतीच."

विक्रेत्याने किंमत सांगितली. टाचणीने टेप हळूहळू गुंडाळला.

"एवढ्यात अख्खी गाडी येते की."

"गाडी येते मावशी, रुबाब येत नाही."

टाचणी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या दुकानात कामाला होती. अंगाने काडीसारखी, जिभेने अणकुचीदार, आणि तिने जोडलेलं सहसा सुटायचं नाही, म्हणून टाचणी. नवरा गॅरेजमध्ये डेंटर, म्हणजे चेपलेल्या गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणारा, म्हणून तो ठोक्या. त्यांच्या लग्नात कोणीतरी म्हणालं होतं, एक टोचणार आणि एक ठोकणार, यांचा संसार म्हणजे पंक्चरचं दुकान. पंक्चर काही झालं नाही. एकमेकांशी गोड बोलणं तेवढं राहून गेलं. दिवसभर दोघांचीही मशिनं आणि हातोडे बोलायचे, मग घरी आल्यावर "मीठ दे" आणि "दिवा घालव" एवढ्यावर भागायचं.

पत्र्याने ठोक्याच्या पोटाला दिलं आणि कानाचं घेतलं. उजवा कान आधी गेला, भाडं बुडवून पळालेल्या भाडेकरूसारखा, न सांगता. आता डावाही सामान बांधायला लागला होता. कानाचे डॉक्टर म्हणाले, "हातोडा सोडलात तर सावकाश जाईल, नाही सोडलात तर भरभर जाईल. जाणार हे नक्की." ठोक्याने हातोडा सोडला आणि घरी बसला. म्हणजे घरात नाही, घराशेजारच्या बोळात उभ्या असलेल्या गाडीत.

ती गाडी म्हणजे एक दोन दारांची, जमिनीला चिकटून चालणारी स्पोर्ट्स कार. मागून पार चेंदामेंदा होऊन गॅरेजात आली होती. मालकाने विम्याचे पैसे घेतले आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. ठोक्याने ती भंगाराच्या भावात घरी आणली, कामावरून आल्यावर थोडी थोडी करत मागचं सगळं नव्याने घडवलं. टेम्पोचा मजबूत ॲक्सल बसवला. त्यावर दोन्ही मडगार्ड हाताने ठोकून असे फुगवले की बोळातले लोक गाडीला "गालगुंड" म्हणायला लागले. रंग पिवळाधमक. पुढे दोन चाकं, मागे दोन लाकडी ठोकळे.

कारण गाडीची मूळ चाकं टेम्पोच्या ॲक्सलवर बसत नव्हती, आणि टेम्पोची चाकं बसायची तर त्या फुगीर गालांत इतकी आत जायची की बापाचे बूट घातलेलं पोर दिसायचं. "या चाकांवर वळण घेतलं की गाडी कुशीवर झोपेल," ठोक्या म्हणायचा. रुंद चाकं हवीत. आणि रुंद चाकं रुबाबाच्या भावाने मिळत होती.

रोज संध्याकाळी तो ड्रायव्हरच्या सीटवर बसून इंजिन चालू करायचा आणि मान तिरकी करून डावा कान पुढे धरायचा.

"ऐकला ना आवाज?" टाचणीने एकदा तो कान पकडून विचारलं होतं, अगदी शब्दशः. "मग झालं की. चाकांचं काय एवढं?"

"उभ्या गाडीचा आवाज म्हणजे खोकला गं," तो म्हणाला. "पळायला लागली की गाते. ते एकदा ऐकायचंय या कानाने. मग जाऊ दे त्याला कुठे जायचंय तिथे."

त्यानंतर त्याने चाकांचं नाव काढलं नाही. टाचणीने मात्र त्याच दिवशी मनात गाठ मारली. आणि तिची गाठ सुटत नसते, हे वर सांगितलंच आहे.

तिने मोबाईलवरच्या जुन्या मालाच्या जाहिराती पालथ्या घातल्या. एका माणसाची चाकं अगदी स्वस्त निघाली. तिने नखाने खरवडलं तर तडेच्या तडे लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवलेले. "मेकअप छान जमलाय तुम्हाला," असं सांगून ती परत आली. दुसऱ्याची चाकं धडधाकट होती, पण भोकं पाच आणि आपले बोल्ट सहा. "बसेल हो, थोडं ॲडजस्ट करा," तो म्हणाला. "सहाव्याने कुठे जायचं? तुमच्याकडे राहायला पाठवू?" ती म्हणाली.

घरी हे सगळं गुपचूप. एकदा दुकानातल्या बाईशी फोनवर बोलताना तिच्या तोंडून जरा मोठ्याने "चाकं" निघून गेलं.

"चहा?" ठोक्या आतून म्हणाला. "टाक माझाही."

तिने निमूट आधण ठेवलं.

शेवटी मार्ग दाखवला भंगारवाल्याने. टेम्पोच्या दोन जुन्या लोखंडी रिमांवर बसून तो बिडी ओढत होता.

"रुंद चाक विकत कशाला घेताय? करून घ्या. पँट आखूड झाली तर तुम्ही काय करता?"

"पट्टी जोडते."

"मग?"

टाचणी त्या भंगारात उभी राहिली आणि तिला आपण इतके दिवस किती खुळ्यासारखं हिंडलो ते कळलं. भंगारवाला बिडी विझवून उठला. त्याचं आसन तिने विकत घेतलं.

लेथ मशीनवाला कमी बोलणारा होता. रिम गोल कापायची, बाहेरच्या बाजूने पोलादी पट्टी घालायची, वेल्डिंग मारायचं, मशीनवर फिरवून तोल बघायचा. तिला सगळं एका दमात समजलं, कारण हे शिवणकामच होतं, फक्त सुई जरा गरम.

"पट्टी किती रुंद, ते माप आणा," तो म्हणाला. "नेमकं आणा. माझं जोडलेलं उसवत नाही."

"मी तीस वर्षं मापं घेतेय," टाचणी म्हणाली. तिला ते जरा लागलंच.

संध्याकाळी ठोक्या गाडीत बसून खोकला ऐकत होता. टाचणी उजव्या बाजूने, बहिऱ्या कानाच्या बाजूने, मांजरीसारखी गेली आणि मडगार्डखाली आडवी झाली. चाकाच्या बैठकीपासून कडेपर्यंत टेप लावला, दोनदा बघितलं, हातावर पेनने आकडा लिहिला. पाठीला ऑईल लागलं, कोपर सोलवटलं. इंजिन बंद व्हायच्या आत ती स्वयंपाकघरात होती.

चाकं आली ती टेम्पोतून, गोणपाटात गुंडाळून. काळीभोर, खोल, परातीएवढी रुंद. वर टायरवाल्याने एका मोठ्या गाडीचे उतरवलेले, अजून दम असलेले टायर. ठोक्याने गोणपाट बाजूला केलं आणि तो उकिडवाच बसला. एका चाकाच्या आतून त्याने बोट फिरवलं, वेल्डिंगच्या रेघेवरून, पूर्ण गोल. मग बायकोकडे बघितलं. जॅक आणायला धावत गेला, आणि तो धावल्याचं बोळाने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

चाकं बोल्टवर गपकन बसली. ठोकळे निघाले. ठोक्याने जॅक हळूहळू खाली घेतला, गाडी बसत गेली, बसत गेली, आणि कर्र करून मडगार्डची कड टायरवर टेकली. दुसऱ्या बाजूलाही तसंच. चाकं बोटभर बाहेर आलेली. ठोक्याने ढकलून पाहिलं. गाडी जागची हलली नाही.

टाचणीने हातावरचा पुसट आकडा बघितला. मग लेथवाल्याला सांगितलेला आकडा आठवला. मधे एका इंचाचा फरक होता, आणि तो कुठून आला हे तिला त्याच क्षणी कळलं. कापड बेतताना अंगाच्या मापाला दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच जास्त धरायचा, शिवणीत आत जायला. त्याला माया म्हणतात. तीस वर्षं तिने मायेशिवाय एकही माप तोंडातून काढलं नव्हतं. पण लोखंड शिवणीत आत जात नाही.

"चुकलं," ती म्हणाली. "मी माया धरली."

"काय धरली?"

"माया."

"काय?" त्याने डावा कान पुढे केला.

"माया हो," ती बेंबीच्या देठापासून ओरडली. "माया धरली मी. जास्तीची."

वरच्या खिडकीत कपडे वाळत घालणारी शेजारीण थांबली. तिने खाली बघितलं आणि म्हणाली, "ऐकलं हो आम्ही सगळ्यांनी. आता त्यांना पण कळलं असेल."

टाचणी कानापर्यंत लाल झाली. ठोक्याला आधी समजलं नाही, मग समजलं, मग तो मडगार्डला टेकून असा हसला की त्याला खोकला लागला.

"मला वाटलंच होतं," तो डोळे पुसत म्हणाला. "तू टेप घेऊन खाली शिरलीस तेव्हाच."

"तुम्हाला ऐकू आलं?"

"आरशात पाय दिसले. कान गेलेत माझे, डोळे आहेत."

मग तो आत गेला आणि हातोडा घेऊन आला. टाचणीचं हसू तिथेच थांबलं.

"नाही. तो ठेवा खाली. चाकं परत कापून आणते."

"असं वेल्डिंग उसवत नाही. रिमा पुन्हा घ्यायच्या, पुन्हा सगळं. कड इंचभर बाहेर काढली की झालं."

"डॉक्टर काय म्हणालेत?"

"जाणार म्हणालेत."

"मग उभी राहू दे गाडी. आहे तो कान तरी राहील."

"कशाला राहू दे?" ठोक्या शांतपणे म्हणाला. "खोकला ऐकायला?"

टाचणी फणकाऱ्याने घरात गेली. थोड्या वेळाने आतून मशीनचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दोन गुबगुबीत वाट्या होत्या, सीटचा जाड फोम, वर मऊ रेक्झिन, मधे पट्टा. तिने त्या त्याच्या डोक्यावर चढवल्या, पट्टा ओढला, हनुवटीखाली बटण लावलं. पिवळ्या गाडीशेजारी तो फुगलेल्या कानांचा माणूस उभा राहिला तेव्हा गालगुंड नेमकं कोणाला झालंय ते सांगता आलं नसतं.

पण डेंटर पत्रा डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त ठोकतो. पत्रा सुटा झाला की टण्ण वाजतो, अडलेला असला की भद्द. कान झाकल्यावर ते कळणार कसं? टाचणी त्याच्या मागे उभी राहिली, हात त्याच्या खांद्यावर ठेवून. एक थाप म्हणजे अजून मार. दोन थापा म्हणजे पुढे सरक. त्याने मारायचं, तिने ऐकायचं. तीस वर्षं तो गॅरेजात काय ऐकत होता ते तिने पहिल्यांदाच ऐकलं. दोन्ही कडा झाल्या तोवर तिच्या डोक्यात टणटण राहिली होती. कडेचा पिवळा रंग मात्र उडाला आणि तिथे उघडा पत्रा चमकायला लागला.

"काठ लावल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली. त्याला ऐकू आलं नाही. तिने बटण काढलं आणि पुन्हा म्हणाली.

"राहू दे तसंच," तो म्हणाला.

सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी गाडी काढली. ती डाव्या सीटवर, तिनेच शिवलेल्या कव्हरवर. आधी गाडी खोकली. मग गुरगुरली. मग ठोक्याने पाय दाबला आणि मागची दोन्ही रुंद चाकं रस्त्याला बिलगली, आणि गाडी खरंच गायला लागली, खालून वर चढत जाणारा, छातीत भरणारा एक लांब सूर. ठोक्याने मान तिरकी केली. त्याचा डावा कान तिच्याकडे होता आणि ती त्या कानाकडेच बघत होती, जणू आत काय चाललंय ते दिसणार होतं.

वळण आलं. गाडी कुशीवर झोपली नाही.

बराच वेळ गेल्यावर तो म्हणाला, "झालं ऐकून."

"एवढ्यात?"

"भरपूर झालं. आता तू बोल."

"मी काय बोलू?"

तिचं बोलणं इंजिनाने गिळलं. पुढे लांबलचक उतार लागला होता, रस्ता मोकळा. ठोक्याने हँडब्रेक हाताशी धरला, गियर काढला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. सूर थांबला. फक्त टायरांची सरसर उरली.

"हं. बोल," तो म्हणाला. "रोज जे बोलतेस ते. ठेवून घेतो."

टाचणीने आधी सीटच्या कव्हरची शिवण बोटाने चाचपली. मग ती दुकानातल्या निळ्या रेक्झिनबद्दल बोलायला लागली, ते कसं सुईला चिकटतं. मग लेथवाल्याबद्दल, तो माप ऐकून कसा बघत राहिला. शेजारणीच्या तोंडाळपणाबद्दल. मीठ संपल्याबद्दल. ठोक्या समोर बघत मान हलवत होता आणि गाडी त्या इंचभर जास्त चाकांवर आपोआप उतरत होती.

उतार संपला. गाडी हळूहळू थांबली. किल्लीवर हात होता, पण त्याने ती फिरवली नाही. ती अजून बोलत होती.