ताइवोचा फोन, केहिंदेचा चेहरा

इन्स्पेक्टर दारात येऊन उभा राहिला तेव्हा केहिंदे मांडीवरच्या आरिकेला चमच्याने ओगी भरवत होती. बाळानं नेमका तेव्हाच तोंडातला घास फुर्र करून उडवला आणि मक्याच्या पेजेचा शिंतोडा पाहुण्याच्या काळ्याभोर बुटावर जाऊन पडला.

"असू दे, असू दे," तो हसत म्हणाला. "माझ्या घरी असले तीन आहेत. त्यांनी माझ्या वर्दीवर काय काय केलंय ते सांगितलं, तर तुम्ही मला खुर्चीसुद्धा द्यायच्या नाहीत."

ओरडणाऱ्या पोलिसापेक्षा हसणाऱ्या पोलिसाची केहिंदेला जास्त भीती वाटे. ओरडणारा निदान काय हवंय ते सांगून तरी टाकतो.

"इया आरिके, म्हणजे आरिकेची आई, तुम्हीच ना?"

बाळाचं नाव याला कसं ठाऊक? तिनं खुर्ची पुढे सरकवली, पाणी दिलं. तो निवांत बसला. बाहेर त्याची गाडी चालूच होती, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं नव्हतं.

"ताइवो आमच्याकडे आहे," तो म्हणाला. "सकाळी आणली. घाबरू नका, कुणी बोटही लावलेलं नाही. पण तुमची बहीण भारी हट्टी हो! फोन उघड म्हटलं तर डोळे घट्ट मिटून, तोंड शिवून बसलीय. वकिलाला बोलवा म्हणते. वकिलाच्या हाताखाली काम करून करून जिभेला तीच सवय लागली असणार."

केहिंदेला सगळं माहीत होतं, फक्त एक नाव सोडून. लाडेजो नावाचा पोरगा चौकातल्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. गस्तीच्या पोलिसांनी त्याला हटकलं, फोन उघडून दाखव म्हणाले. तरणा पोरगा, चांगला फोन, म्हणजे ऑनलाइन लोकांना गंडवणाराच असणार, हा त्यांचा हिशेब इबादानमध्ये शेंबड्या पोरालाही पाठ आहे. लाडेजोनं "का?" एवढंच विचारलं. त्याला गाडीत घातलं, आणि त्यानंतर तो कुणाच्या नजरेस पडला नाही. तो पळून गेला, असं पोलीस सांगत. चौकातल्या कुणीच काही पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं ते एका बाईनं. तिचं म्हणणं ताइवोनं वकिलासाठी आपल्या फोनवर रेकॉर्ड करून घेतलं होतं. कोर्टात उभं राहायची वेळ येईपर्यंत नाव बाहेर फुटणार नाही, असा शब्द देऊन.

"कोण गं ती?" केहिंदेनं तेव्हा विचारलं होतं.

"तुला ठाऊकच नसलं तर तुझ्याकडून काढून कोण घेणार?" ताइवो म्हणाली होती. केहिंदेला ते झोंबलं होतं. मला, सख्ख्या जुळ्या बहिणीला? आधी जन्मली होती ताइवो, पण थोरली केहिंदेच. जुळ्यांत मागून येणारीच थोरली, कारण तीच धाकटीला पुढे धाडते, जा, जग कसं काय आहे ते बघून ये म्हणून. आणि केहिंदेनं जन्मभर तेच केलं होतं. घरमालकाशी बोलायला ताइवो, मुख्याध्यापिकेकडे जायला ताइवो, कॉलेजात पहिला प्रश्न विचारायलाही ताइवोच. केहिंदे मागे राहून बघायची. बघणं मात्र तिला चांगलं जमे. हल्ली बाळ झाल्यापासून तर ती झोपेतही बघत असे.

इन्स्पेक्टरनं पिशवीतून फोन काढला. फोनला आखूड वायरीनं एक पॉवर बँक जोडलेली होती, आजाऱ्याला सलाईन लावावी तशी.

"याला मरू द्यायचं नाही," तो एखाद्या कारागिरासारखा सांगू लागला. "एकदा बंद पडला आणि पुन्हा चालू केला की आकडेच मागतो. मग कुणाचाच चेहरा चालत नाही." त्यानं काचेवर बोट टेकवलं. काच उजळली आणि कुलपावरचा फोटो दिसला. आरिकेच्या बारशाचा. एकाच निळ्या कापडाचे कपडे, एकसारखी डोईला बांधलेली वस्त्रं, दोन चेहरे की एकच चेहरा दोनदा, आणि मध्ये आरिके. खाली सोनेरी अक्षरांत तिचं नाव.

म्हणजे नाव तिथून कळलं होतं. आणि पत्ता शोधणं त्याच्यासाठी अवघड ते काय?

"हा फोन तिचाच ना, एवढं ओळखून सांगा. तेवढं झालं की संध्याकाळपर्यंत घरी सोडतो." मग तो बाळाकडे बघून म्हणाला, "कोठडीत रात्र काढणं बाईमाणसाला बरं नाही. आणि तुमच्या घरात तरी कोण आहे? साहेब अबुजाला ना?"

हेही याला ठाऊक होतं.

फोन तिच्या तोंडासमोर आला.

बारशाच्याच दिवशी ताइवोचा फोन हा असाच केहिंदेला बघून उघडला होता. सगळ्या बायका खो खो हसल्या होत्या. मावशी म्हणाली, "हिचा नवरा तरी नीट ओळखून घरी नेतो का गं?" ताइवो म्हणाली होती, हे चेहऱ्याचं काढून टाकते उद्याच, आकडे लावते. ते राहून गेलं. सारखं आकडे कोण दाबणार, आणि चेहरा चोरणार तरी कोण? स्वतःची बहीण?

म्हणजे आता काय होणार, हे केहिंदेला ठाऊक नव्हतं असं नाही. पुढे कितीही वेळा तिनं तो क्षण उलटसुलट करून पाहिला, तरी ते ठाऊक असणं काही त्यातून निघेना. डोळे मिटायला किती वेळ लागतो? बाळाचं तोंड पुसायला मान खाली घातली असती तरी पुरे होतं. तिनं मान घातली नाही. ती बघत राहिली. सरळ, नीट, फोटो काढून घेणाऱ्या माणसासारखी.

कुलूप उघडलं.

इन्स्पेक्टरचं हसू कुणी फडक्यानं पुसावं तसं गेलं. त्यानं खुर्ची वळवून पाठ केली. बोटं भराभर काचेवर फिरली. आणि मग खोलीत एका बाईचा खरखरीत, ठसठशीत आवाज उमटला, "मी इया डोटुन. टायरवाल्याच्या शेजारी केळी भाजते ती. मी पाहिलं, पांढरी गाडी होती, आणि त्या पोराचा एक जोडा रस्त्यावरच..."

त्यानं आवाज बंद केला.

"आभारी आहे, मॅडम," उठता उठता तो म्हणाला. "बाळाला जपा."

गाडी वळणावर दिसेनाशी होते न होते तोच केहिंदेनं आरिकेला पाठीशी बांधलं आणि रस्त्यावर येऊन ओकाडा थांबवली.

"हळू नेऊ की जोरात?" मोटरसायकलवाल्यानं विचारलं.

"जोरात."

"पाठीवर पिल्लू आणि जोरात म्हणे! नवऱ्याला पकडायला चाललाय का, आंटी? असं असेल तर पैसे घेणार नाही, फक्त बघायला उभा राहीन."

इन्स्पेक्टर आधी ठाण्यात जाईल, माणसं घेईल, मग येईल. तेवढाच काय तो वेळ. बाळाचा श्वास मानेला लागत होता आणि दर खड्ड्याला तिच्या मनात येत होतं, आपण पोरीला घेऊन कुठे चाललो आहोत!

इया डोटुन म्हणजे चांगली अंगापिंडानं भरलेली बाई. निखाऱ्यावर पंखा मारत होती. केहिंदेला उतरताना बघून तिचा चेहरा फुलला.

"अगं ताइवो! आणि हे पाठीवर कुणाचं? बहिणीचं पळवून आणलंस की काय? ये, अर्धं केळं खा. वाळून काठी झालीस, वकील जेवायला सुट्टी देत नाही वाटतं!"

"इया, उठा. आत्ताच्या आत्ता निघा इथून. त्यांना तुमचं नाव कळलं."

पंखा थांबला.

"कसं कळलं?"

"फोन उघडला."

इया डोटुननं एकवार रस्त्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "या चिमट्याला जीभ लावून शपथ घेतली होतीस ना गं? लोखंडाची शपथ. मी म्हटलं, नको बाई, तरणी पोर आहेस, लोखंड कुणाला सोडत नाही. तू म्हणालीस, इया, तुमचं नाव माझ्यासोबत मातीत जाईल."

मी ताइवो नाही. तीन शब्द. केहिंदेच्या ओठांवर आलेच होते. पण वेळ नाही, हे सगळं समजावत कुठे बसायचं, असं तिनं मनाला सांगितलं. त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती, ती तिनं मनालाही सांगितली नाही. समोरची बाई दुसऱ्याच कुणाकडे बघून बोलत होती, आणि त्या दुसरीच्या आड उभं राहायची केहिंदेला सवय होती.

"चूक झाली, इया," ती म्हणाली.

"मारलं का तुला?" बाईचा आवाज एकदम मऊ झाला. "खरं सांग. मारलं?"

"नाही."

"मग?"

केहिंदेनं बाळाच्या कापडाची गाठ पुन्हा आवळली.

इया डोटुन बाजूला थुंकली. "मार खाऊन सांगितलं असतंस तर मी तुझे पाय चेपले असते, पोरी." तिनं निखाऱ्यावर पाण्याचा डबा उपडा केला. वाफेचा लोट उठला. टायरवाल्याला "भावाकडे ओग्बोमोशोला चालले, डोटुनला मागून पाठव," असं सांगून, कमरेचं कापड घट्ट करत ती समोरून चाललेल्या गाडीत चढली. मागे वळून पाहिलंही नाही. अर्धी भाजलेली केळी तशीच जाळीवर राहिली.

पोलीस आले तेव्हा केहिंदे समोरच्या औषधाच्या दुकानात, भिंतीकडे तोंड करून उभी होती. आपला चेहरा कुणाला दिसू नये असं तिला आयुष्यात प्रथमच वाटलं.

संध्याकाळी वकिलानं खटपट करून ताइवोला सोडवून आणलं. फोनही परत मिळाला. ती आली ती हसत, केस विस्कटलेले, एक चप्पल तुटलेली.

"जेवायला आमाला केलंयस का गं? हत्ती खाईन मी आज! अगं, काय काय केलं त्यांनी. गोड बोलले, ओरडले, एक जण तर माझ्यासाठी देवाची प्रार्थना करायला बसला. मी ब्र काढला नाही. आणि बघ, काही उघडता आलं नाही मेल्यांना, गुपचूप परत दिला!" तिनं फोन हवेत नाचवला आणि आरिकेचा पापा घेतला.

केहिंदेनं ताट वाढलं. ताइवो बोटं चाटून जेवत होती आणि ती समोर बसून बघत होती. आता सांगू, घास संपला की सांगू. ताट संपलं. मग वाटलं, दमली आहे, झोपू दे. बहीण बाळाला कुशीत घेऊन झोपली आणि केहिंदे दोघींवरची मच्छरदाणी उगाच पुन्हा पुन्हा खोचत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताइवो कामावरून परत आली ती दारातच उभी राहिली.

"ऑफिसात इया डोटुनच्या भावाचा फोन आला होता," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "म्हणतो, तुमच्या त्या पोरीनं माझ्या बहिणीला विकलं. वकीलसाहेबांनी मला समोर बसवून विचारलं. मी म्हटलं, खोटं आहे. तर भाऊ म्हणतो, खोटं कसं, ती स्वतः चौकात येऊन कबूल करून गेली." ती थांबली. "पाठीवर बाळ बांधून."

केहिंदेनं बाळाला खाली ठेवलं आणि शेजारी बसली. मग तिनं सांगितलं. बूट, पेज, पॉवर बँक, बारशाचा फोटो, सगळं. "तू आत होतीस. तो म्हणाला रात्र... आणि बाळ होतं मांडीवर. मी..."

"फोन उघडलास ते मी गिळून टाकीन," ताइवो म्हणाली. "मीसुद्धा ते कुलूप बदललं नाही. कदाचित तुझ्या जागी मीही बघितलं असतं, कोण जाणे. पण केहिंदे, तिथे माझं नाव का लावलंस?"

"मी नाव घेतलं नाही तुझं."

"नाकारलंस?"

बाहेर कुणीतरी जनरेटर चालू केला. घरभर घरघर भरून राहिली.

"काल रात्री मी तुझ्या हातचं जेवले," ताइवो म्हणाली. "तेव्हाही नाही सांगितलंस." तिनं डोळे पुसले आणि पिशवी पुन्हा खांद्याला लावली. "ऊठ. बाळाला घे. मी एकटी गेले तर ती दार उघडणार नाही. दोघी शेजारी शेजारी दिसल्या तरच तिला पटेल."

ओग्बोमोशोपर्यंत गाडीत त्या एकमेकींना खेटून बसल्या होत्या, जागाच तेवढी होती. "जुळ्या! अरे वा, घरात बरकत!" म्हणून शेजारच्या म्हातारीनं दोघींना कौतुकानं शेंगदाणे दिले. दोघींनीही ते मुठीत धरून ठेवले.

भावाचं घर गावाबाहेर होतं. इया डोटुन अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिनं मान वर केली. एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर, मग पुन्हा पहिल्यावर, अशी तिची नजर बराच वेळ फिरत राहिली.

"चौकात आलेली कोण?"

"मी," केहिंदे म्हणाली. "फोनही माझ्याच चेहऱ्यानं उघडला. हिनं तोंड उघडलं नाही, इया. हिला यातलं काही ठाऊकच नव्हतं."

"आणि लोखंडाला जीभ लावलेली?"

"मी," ताइवो म्हणाली.

दोघींनी गुडघे टेकले. थोरल्या माणसापुढे टेकतातच, आणि थोरलं माणूस लगेच "ऊठ गं बाई, ऊठ" म्हणतं. तेवढं म्हटलं की उठायचं.

इया डोटुननं हातातल्या मिरच्या परातीत टाकल्या. ताइवोच्या दंडाला धरून तिला उभं केलं. "चल आत," ती म्हणाली. "पुन्हा बोलेन की नाही ते मला अजून ठाऊक नाही. त्या पोराची आई रोज चौकात येऊन बसायची, म्हणून बोलले होते. आधी पाणी पी. आणि तो फोन बाहेर ठेव, त्या जांभ्याच्या दगडावर. माझ्या दारातून तो आत येणार नाही."

ताइवोनं फोन दगडावर ठेवला. आत जाताना उंबऱ्यापाशी ती क्षणभर अडखळली, मग गेली. दार लागलं.

केहिंदे तशीच राहिली. तिला कुणी ऊठ म्हटलं नव्हतं. आतून बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. अंगणातली माती गुडघ्यांना पोळू लागली, मिरच्यांचा खाट नाकात शिरला आणि पाठीवर आरिके शिंकून रडू लागली. केहिंदेनं हात मागे नेऊन तिला थोपटलं आणि दाराकडे बघत राहिली.