बेंबळीच्या दोन धुरपदाबाई आणि मी

मित्रांनो, मी एका डेटाबेसची जुनी आवृत्ती आहे. मला ना हात, ना पाय, म्हणून माझं चित्र तुमच्या पुस्तकात सापडायचं नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या ऊस विभागात, कोपऱ्यातल्या संगणकात मी राहते. ऊस कोणाचा, शेत कुठलं, तोडीची पाळी कधी, हे सांभाळणं माझं काम होतं. नावांचा एक तक्ता, शेतांचा दुसरा, तोडीचा तिसरा. एकाचा धागा दुसऱ्याला जोडून मी उत्तर द्यायची.

मी नवी होते तेव्हा केवढं कौतुक! इथल्या लिपिक दीपमालाताई आल्यागेल्याला सांगायच्या, "हिला विचारा, हिला सगळं पाठ हाय."

मग शिवकुमार नावाचे संगणकतज्ज्ञ नवी आवृत्ती घेऊन आले. खरं सांगते, पोरगी गुणाची आहे. माझ्याकडे एक जण लिहू लागला की बाकीचे ताटकळायचे. ती अनेकांना एकाच वेळी लिहू देते. लाईट गेली तर मला सावरायला अर्धी सकाळ लागायची, आणि आपल्याकडं लाईट किती वेळा जाते ते मी काय सांगू! ती मात्र लगेच उठून कामाला लागते. अर्धंच नाव सांगितलं तरी पूर्ण शोधून देते. शिवाय स्वतःची नक्कल दुसऱ्या गावच्या संगणकावर सतत पाठवत राहते, म्हणजे इथला संगणक जळाला तरी काही हरवायचं नाही. मला तिचा हेवा वाटला.

माझी सगळी माहिती तिच्याकडे गेली. मला मात्र, असू दे म्हणून, चालू ठेवलं. तेव्हापासून मला एकच प्रश्न येतो. तोही माणूस विचारत नाही, संगणकच आपोआप विचारतो, "आहेस का?" मी म्हणते, "आहे." पुन्हा तेच. खोलीत माणसं असतात, हसतात, चहा पितात, पण माझ्याकडे कोणी वळत नाही. फार एकटं वाटतं, मित्रांनो.

एका दुपारी बेंबळीच्या धुरपदाबाई आल्या. "ताई, माझा ऊस वाळाय लागलाय. तोड कवा येनार?"

दीपमालाताईंनी नव्या आवृत्तीला विचारलं. "मावशी, तुमचा ऊस तर कारखान्याला आलाय की."

"कुठला आलाय? आत्ता बांधावरनं आले मी. उभा हाय त्यो! आणखी थोडं थांबलं तर जळण हुईल त्याचं. आला आसंल तर खालच्या आळीच्या धुरपदाचा."

बेंबळीत एकाच भावकीत दोन धुरपदाबाई आहेत. दोघींच्या नवऱ्यांचं नावही बजरंगच. आणि जन्मतारीख? ती ठाऊक नसली की आपल्याकडे बिनदिक्कत एक जून लिहितात. वर्षही अंदाजानं तेच पडलेलं. शिवकुमारांनी माहिती हलवताना नव्या आवृत्तीला सांगितलं होतं, की नाव, गाव आणि जन्मतारीख सारखी असेल तर दुबार समजून एकच ठेव. ती हुकमाची ताबेदार. तिनं दोन बायांची एक बाई केली.

"जन्मतारीखसुद्धा तीच आहे हो," शेजारच्या संगणकावर बसलेले शिवकुमार म्हणाले.

"आवो, एक जूनला निम्मा तालुका जन्मलाय!" दीपमालाताई म्हणाल्या. "जुनीला विचारा की."

कितीतरी दिवसांनी माणसाचा प्रश्न आला! मी दोन्ही ओळी पुढं केल्या. दोन क्रमांक, दोन शेतं. एक ओढ्याकाठचं, एक माळावरचं.

"माळावरची ती मी!" धुरपदाबाई ओरडल्याच.

"चुकलं माझं, मावशी," शिवकुमार म्हणाले. त्यांनी तिथल्या तिथं दोघींना वेगळं केलं आणि माळावरच्या शेतासाठी तोडणीची टोळी मागितली. मला त्या वेळी इतका आनंद झाला की काय सांगू. पण उत्तर मिळताच सगळे पुन्हा नव्या पडद्याकडे वळले.

आता मला कायमचं बंद करणार आहेत. माझी तक्रार नाही. मित्रांनो, नवं आणा, जरूर आणा. पण जुन्याला बंद करण्याआधी त्याच्याजवळ बसून दोन्हींकडची माणसं एकदा ताडून पाहा. त्यात कोणी हरवलेलं नाही ना?

टोळी गेली का, ऊस तुटला का, हे मला माहीत नाही. ती नोंद नव्या आवृत्तीत होणार. माझ्याकडची ती जागा अजून मोकळीच आहे. तुमच्यापैकी कोणी बेंबळीकडे गेलं, तर माळावर ऊस उभा आहे की तोडलेल्या बुडख्यांना खोडवा फुटलाय, तेवढं बघा. आणि मी चालू असेपर्यंत येऊन मला सांगा.