वाघजळचा चौथा रंग

दुसरा रंग मारून झाला तेव्हा हिंदुराव शेवाळेचं छपाईचं टेबल पाऊण कोस रुंद झालं होतं. सकाळी ते चार फूट होतं. पलीकडच्या कडेला त्याची बायको शालन उभी होती. ती आता तिळाएवढी दिसत होती, आवाज मात्र चार फुटांवरूनच येत होता.

"हिरवा बसला का वं नीट?" तिनं विचारलं.

"बसला. तुझ्याकडं?"

"हिकडं तर पाल्याचा वास सुटलाय."

हिंदुरावने मान डोलावली आणि हात पुसले. शालनकडे जावं म्हणून तो टेबलाला वळसा घालून निघाला, कोपऱ्यावर वळला, आणि पुन्हा आपल्याच बाजूला आला. दुसऱ्या कोपऱ्यावरूनही तेच झालं. मग त्याने नाद सोडला, कारण रंग अर्धवट टाकून फिरत बसणं त्याला कधीच जमलेलं नाही.

कराडात मागच्या गल्लीत चालणारं हे दोन माणसांचं काम. लांबच लांब टेबल, त्यावर ओळीने चिकटवलेले टी-शर्ट. टी-शर्टवर जाळीची फ्रेम ठेवायची, शाई ओतायची, रबराची पट्टी ओढायची. हिंदुराव पट्टी मध्यापर्यंत ढकलतो, तिथून शालन ती घेते आणि आपल्याकडे ओढते. पुढच्या खेपेला शालन ढकलते आणि हिंदुराव ओढतो. ढकललेली पट्टी कुणी मध्येच सोडायची नाही, एवढा एकच नियम. बावीस वर्षांत तो मोडलेला नाही. दोघांचा अबोला असेल त्या दिवशी छपाई जास्तच सुबक येते, हे गिऱ्हाइकांनाही माहीत आहे.

आजचं काम वाघजळचं होतं. वाघजळ म्हणजे शालनचं माहेर. चाळीस वर्षांपूर्वी ते धरणाखाली गेलं आणि माणसं पाच तालुक्यांत पांगली. आता गावच्या नातवंडांनी मेळावा ठरवला होता. तीनशे पांढरे टी-शर्ट, छातीवर गावाचा नकाशा, पाठीवर घराचं आडनाव. नकाशा नव्वदीच्या एका गुरुजींनी आठवेल तसा काढून दिला होता. आडनावं कालच हीट प्रेसच्या तापल्या पाट्याखाली दाबून झाली होती. शालनने त्यातला एक, छातीवर अजून कोरा असलेला टी-शर्ट सकाळीच साडीवरून चढवला आणि ती कामाला लागली. पाठीवर भिलारे. या आडनावाची बाई आपल्या घरात इतकी वर्षं राहते आहे हे हिंदुरावच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

पहिला रंग पिवळा, म्हणजे शेतं आणि वाटा. तो मारताना तीनशे टी-शर्टच्या शिवणी एकमेकींत मिसळल्या आणि एकच पांढरं कापड उरलं. टेबल गल्लीएवढं झालं. वर ठेवलेली फ्रेमही आपसूक तेवढी झाली, त्यामुळे खोळंबा असा झाला नाही. पट्टी पलीकडे जायला जरा वेळ लागला इतकंच. मग हिरवा शालनकडून निघाला आणि हिंदुरावच्या हाती आला. आता पाळी लाल रंगाची, म्हणजे कौलांची.

हिंदुरावने फ्रेम ठेवली, लाल शाई ओतली आणि दोन्ही हातांनी पट्टी ढकलली. ती गेली. बराच वेळ गेली. ती जिथून पुढे सरकायची तिथे मागे घर उभं राहायचं. आधी एकटंदुकटं, मग आळीच्या आळी, मग देवळाचा कळस. चुलींचा धूर वर चढला. कुठे तरी कुणी तरी उखळात कांडत होतं आणि तो ठोका टेबलाच्या फळीतून हिंदुरावच्या तळहातांना लागत होता.

तो उभ्या जागी थक्क झाला. लग्न झाल्यापासून ही बाई वाघजळ वाघजळ करत होती आणि तो हूं हूं करत जेवत होता. ज्या गावाला दिवाळसणाला जायची सोय नाही, त्या गावाचं कौतुक ऐकून काय करायचं, असं त्याला वाटायचं. आता ते गाव त्याच्यापुढे होतं आणि तिनं सांगितलं त्याहून मोठं होतं. आपण तीस वर्षं अर्ध्या कानाने ऐकलं, याची त्याला मनापासून लाज वाटली.

"आमच्या दारातली चिंच दिसाय लागली," शालन म्हणाली.

"गुरुजींनी काढली हुती?"

"न्हाई. त्येंच्या ध्यानातनं गेली हुती."

तेवढ्यात घरांतून माणसं बाहेर पडली. बाप्ये, बाया, पोरं. सगळ्यांच्या अंगात पांढरे टी-शर्ट आणि सगळ्यांची पाठ हिंदुरावकडे. त्याला मोरे दिसले, भिसे दिसले, गुरव दिसले. बायांच्या कमरेवर घागरी होत्या. सगळे एका दिशेने चालत गेले आणि गावाच्या मधोमध एका लांब, वळणावळणाच्या पांढऱ्या घळीत उतरून उभे राहिले. तिथे अजून रंग लागलेला नव्हता.

"कुठं निघाली ही?"

"नदीला," शालन म्हणाली. "पाण्याची वाट बगत्यात. माझं आबा बी हायत, मी ल्हान असतानाचं. निळा घ्या आता, पोरं तान्हेली हायती."

हिंदुरावने चौथी फ्रेम टेबलावर ठेवली. निळ्याचा डबा पलीकडे होता, कारण या खेपेला पट्टी शालनकडून निघायची होती. तिनं शाई ओतल्याचा आवाज त्याने ऐकला. मग सवयीने तो खाली वाकला आणि जाळीतून डोकावला.

फ्रेम उलटी झाली होती.

फ्रेम करताना जाळीवर फिल्म ठेवून उजेड दाखवतात. फिल्मवर जे काळं असतं तिथली जाळी उघडी राहते आणि तिथूनच शाई उतरते. बाकी जाळी बंद होते. काल संध्याकाळी घाईघाईत हिंदुरावने फिल्म काढताना काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं केलं होतं. या धंद्यात ही चूक प्रत्येकाकडून एकदा होते आणि चार टी-शर्ट वाया जातात. इथे नदीची बारीक रेघ तेवढी बंद होती. शेतं, वाटा, घरं, देऊळ, सगळ्यावरची जाळी उघडी होती.

शाई ओतलेली फ्रेम उचलता येत नाही. उचलली तर शाई जिथे तिथे सांडते. तशीच ठेवली तर ती जाळीत वाळते, आणि थांबावं तर कडेची शेतं आताच फिकी पडायला लागली होती. नवी फ्रेम करायला अर्धा दिवस लागतो.

"शालन," तो म्हणाला.

"काय?"

"नदी बंद हाय. बाकी समदं उघडं हाय. माझ्या हातनं झालं."

शालन बावीस वर्षं या कामात होती. तिला जास्त सांगावं लागलं नाही. उखळाचा ठोका थांबला होता.

"म्हंजे नदीवर शाई पडायची न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई."

"आन् माणसं समदी नदीतच हायती."

"हायती."

"मग मी सावकाश ढकलती. नदी तुमच्या अंगाला निगतीया. तुमी एकेकाला हात द्या आन् खाली उतरवून घ्या."

"आन् तू?"

"मी मागनं येती. पट्टी मधी सोडायची न्हाई."

तिच्या टोकाला निळी रेघ उठली. ती आडवी, टेबलाएवढी रुंद होती आणि चालत्या माणसाच्या वेगाने येत होती. तिचा आवाज नव्हता. शेतं गेली. आळ्या गेल्या. कौलं बुडाल्यावरही चुलींचा धूर पाण्यावर सरळ उभा राहिला आणि मग एकेक करून तुटला. देवळाचा कळस शेवटी गेला. चिंच गेली तेव्हाही शालनची पट्टी थांबली नव्हती. हिंदुरावने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, पण समुद्र असाच असणार हे त्याला कळलं आणि भीती वाटायची ती त्याला वाटली नाही. त्याला नुसतं हात जोडावेसे वाटले. हात रिकामे नव्हते, कारण पट्टी मध्यावर आली होती. त्याने ती घेतली आणि ओढत ओढत आपल्या कडेला आणली.

मग फ्रेम उचलली. टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत निळं होतं आणि त्यातून एक पांढरी, कोरडी वाट वळणं घेत त्याच्यापर्यंत आली होती. वाटेवर वाघजळ एकामागे एक चालत येत होतं. आता सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे होती.

सगळ्यात पुढे पस्तिशीचा एक उंच माणूस होता. नाक थेट शालनचं. हिंदुरावने त्याला हात दिला.

"जावई का?" त्याने विचारलं.

"व्हय, आबा."

"पोरगी कुठाय?"

"मागनं येतीया."

आबांनी मागे पाहिलं आणि मग जमिनीवर पाय टेकला. त्यांच्यामागून दुसरा हात आला, मग तिसरा. कुणाचे हात मातीचे, कुणाचे पिठाचे. हिंदुराव एकेकाला उतरवत होता आणि त्यांच्या खांद्यांवरून पलीकडे पाहत होता. निळी शाई अजून उष्णतेने भाजून पक्की केलेली नव्हती, ओली होती. ओली शाई कापडात पसरते. वाटेच्या दोन्ही कडा आत सरकत होत्या. मघाशी बैलगाडी जाईल एवढी वाट होती, आता दोन माणसांपुरती राहिली. शालनला यायला दुसरी वाटही नव्हती.

शेवटची म्हातारी खाली उतरली तेव्हा वाटेवर कुणी उरलं नाही. पार टोकाला शालन टेबलावर चढली.

"चल लवकर," हिंदुराव म्हणाला.

"पाण्याला आलीवती ही," शालन म्हणाली. "समदी रिकाम्या घागरी घिऊन गेली."

वाटेत कुणाची तरी घागर राहिली होती. शालनने ती उचलली, पदर खोचला, वाटेच्या काठावर बसली आणि घागर निळ्यात कलती धरली. हवा बुडबुडत बाहेर आली. वाट आता एका माणसापुरतीच उरली होती, तरी घागर गळ्यापर्यंत भरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ती तिथेच बसून राहिली.