सरांचा जुना आवाज

अनन्यानं लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला आणि ब्राउझर उघडला. पडद्यावर लहानापासून मोठ्यापर्यंत मांडलेल्या आकड्यांच्या चौकटी उमटल्या. तिनं बटण दाबलं तशी मधली चौकट पिवळी झाली आणि स्पीकरमधून तिच्या वडिलांचा आवाज आला, “आपल्याला हवाय त्रेसष्ट. आधी मधला आकडा बघू.”

वडील, म्हणजे यज्ञेश्वर सर, शेजारीच उभे होते. त्यांचे ओठ मिटलेले होते.

अर्धांगवायूच्या झटक्यातून हातपाय सावरले, शब्द नाही. मनातला शब्द ओठांवर यायला वेळ लागे. कधी भलताच येई. राहुरीजवळच्या या कॉलेजात ते वर्षानुवर्षं कॉम्प्युटर शिकवत आले होते. तास पुन्हा त्यांच्याकडे द्यायचे का, हे ठरवायला विभागप्रमुख देवश्री मॅडम आज मागच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. त्यासाठीच अनन्यानं पुण्याहून सुट्टी काढून येऊन हे पान बनवलं होतं. लॉकडाउनमधल्या ऑनलाइन तासांची रेकॉर्डिंग्ज धुंडाळून तिनं त्यांचीच वाक्यं एकेका पायरीला जोडली होती. सरांनी फक्त बटण दाबायचं.

त्यांनी दाबलं.

“सत्तेचाळीस लहान आहे. म्हणजे डावीकडचे सगळे बाद.”

डावीकडच्या चौकटी करड्या झाल्या. मुलं भराभर वहीत उतरवून घेऊ लागली. सरांकडे कुणी बघत नव्हतं. ते थोडा वेळ त्या वाकलेल्या मानांकडे पाहत राहिले. मग हात लांबवून त्यांनी स्पीकर बंद केला.

“बाबा, राहू द्या ना,” अनन्या हळूच म्हणाली.

त्यांनी मान हलवली आणि पुढची पायरी दाबली. उरलेल्यांतला मधला आकडा, ऐंशी, पिवळा झाला.

“हा... हा...”

शब्द येईना. एकदोन मुलं अवघडून खिडकीबाहेर बघू लागली. अनन्याचा हात स्पीकरकडे गेला आणि मागे आला.

“मोठा,” सर म्हणाले.

पुढच्या बाकावरच्या आरतीनं विचारलं, “मग सर, आता उजवीकडचे सोडायचे व्हय?”

सरांचं बोट बटणावर होतं. त्यांनी ते उचललं.

“का?”

आरती पुन्हा पडद्यावरच्या चौकटी बघू लागली. मागून कुणीतरी उत्तर दिलं, ते दुसऱ्यानं खोडून काढलं. सर ऐकत होते. घंटा झाली तरी त्रेसष्ट सापडायचा राहिलाच होता.

देवश्री मॅडम उठल्या. “उरलेलं उद्या घ्या, सर,” एवढंच म्हणून त्या बाहेर पडल्या.

परतताना गाडी अनन्या चालवत होती. पुढे उसाची ट्रॉली होती. ओलांडायला जागा मिळेना.

“पानावरचा तुमचा आवाज काढून टाकते मी,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं, तुम्हाला सोपं जाईल.”

“कॉलेजात... नको.” ते काचेबाहेर बघत होते. “पण पुसू नको. घरी... आईला लाव.”

“आईला? हे आकडे?”

“काहीही,” ते म्हणाले. “काहीही चालेल तिला.”