आत पोचलेली गोळी

माझ्या मेंदूच्या आवरणाला क्षय झाला होता आणि तो नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नव्हता. बेळगावच्या डॉक्टरांनी वेगळी गोळी दिली. म्हणाले, "अनुसयाबाई, मेंदूच्या वाटेवर तुमच्या गावच्या जंगलखात्याच्या नाक्यासारखा नाका असतो. बरीच औषधं रक्तात फिरतात, पण तिथं अडतात. ही आत पोचते. मात्र आत गेल्यावर कधी भास होतात, झटके येतात. तसं झालं तर लपवू नका. डोस कमी करू, नाहीतर जिवावर बेतेल."

मी कॅसलरॉकला परतले. घरात एकटीच. माझा नवरा पुंडलिक रेल्वेत गँगमन होता, त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. अठराव्या दिवशी भांडी घासत होते, तर मागून तोच बोलला, "अगं, कडी लाव की. कुत्रं शिरंल."

मी कडी लावली. खोटं कशाला सांगू, भीती वाटलीच नाही, आनंद झाला. जिवंतपणी हा माणूस दिवसाला चार शब्द बोलायचा. आता त्याची टकळी थांबेना. लाकडं ओली आणलीस, आमटीत मीठ कमी पडलं, पदर सांभाळ, वास्कोची गाडी आज लेट हाय. मीही सोडत नव्हते. "मेल्यावर तोंड फुटलं व्हय तुमास्नी?" म्हणायचे. शेजारची फुला कुंपणावरून टकामका बघायची. बघू दे.

महिनाभर कुणाला सांगितलं नाही. मग एकदा चुलीपुढे झटका आला. शुद्धीवर आले तेव्हा हात भाजला होता आणि फुला तोंडावर पाणी मारत होती. तिनंच मला बेळगावला नेलं.

"भास होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

हो म्हटलं तर तो जाणार, नाही म्हटलं तर मी. त्यांनी पुन्हा विचारलं आणि मला रडू कोसळलं.

"व्हय, ऐकू येतंय. पण समदं बंद करू नगा डॉक्टर. थोडं ऱ्हाऊ द्या."

"थोडं काय राहू द्या?"

आता हे परक्या माणसाला कसं सांगायचं!

त्यांनी डोस अर्धा केला. नवव्या दिवशी घर गप्प झालं. त्या दुपारी मी आमटीत मुद्दाम मीठ घातलं नाही. पहिला घास घेऊन थांबले. बराच वेळ थांबले.

कुणी काही बोललं नाही. अळणी आमटी तशीच संपवली आणि वरून अर्धी गोळी घेतली.